मथळा आधी जुळायचा

आमच्या घरात भिंतीपलीकडून येणारा पहिला आवाज लष्करी छावणीतल्या बिगुलाचा असायचा आणि भिंतीअलीकडचा पहिला आवाज ट्रेडलचा, म्हणजे पायाने चालवायच्या छपाईयंत्राचा. भिंगारच्या बाजारातल्या एका बोळात आमचं घर होतं. पुढची खोली म्हणजे माझ्या वडिलांचा, अण्णांचा, छापखाना, मागची म्हणजे स्वयंपाकघर, आणि मधल्या खोलीत आम्ही झोपायचो, जेवायचो, अभ्यास करायचो आणि छापून ओल्या असलेल्या कागदांच्या दोऱ्यांखालून वाकून जायचो. अण्णा पायाने ट्रेडल मारायला लागले की फळीवरची पितळी भांडी बारीक थरथरायची. आई एखाद्या कपावर हात ठेवून तो थांबवायची आणि दुसऱ्या हाताने भाकरी उलटायची. घरात शाईचा, रॉकेलचा आणि भाजणाऱ्या भाकरीचा वास असा मिसळलेला होता की पुढे पुण्यात आत्याकडे राहायला गेले तेव्हा तिथल्या साध्या जेवणाला काहीतरी कमी आहे असं मला महिनाभर वाटत राहिलं.

पोटासाठी अण्णा लग्नपत्रिका आणि दुकानांची बिलबुकं छापत. जीव मात्र पत्रकांत होता. कुठल्या गावात शाळेला मास्तर नाही, कुठल्या गिरणीत कामगार काढले, कुठल्या रस्त्यावर पूल खचला, की दोन माणसं सायकलवरून यायची आणि अण्णा चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "नाव कुणाचं?" आधी नाव. मग ते केसमधून, अक्षरांच्या खणांच्या पेटीतून, मोठे लाकडी खिळे काढून मथळा जुळवायचे: जाहीर धिक्कार, आणि त्याखाली नाव. मथळा जुळणीच्या दगडावर तयार झाला की मग बाकीची हकिकत ऐकायची आणि मजकूर त्याच्या मापात बसवायचा. मी या पत्रकांवर वाढले. फळ्यांवर अंथरायला चुकलेली प्रुफं, वह्यांना घालायला जुनी पत्रकं. मी शिकलेलं पहिलं जोडाक्षर धिक्कारातलं होतं, हे मी शाळेत अभिमानाने सांगत असे. सोळाव्या वर्षापासून मजकूर मी लिहू लागले. माझी वाक्यं अण्णांपेक्षा लांब आणि कडक असत. बाजारात कुणीतरी पेटीवर उभं राहून ती मोठ्याने वाचायचं, लोक माना डोलवायचे, आणि गर्दीच्या मागे उभी राहून मला वाटायचं की जग माझ्या लेखणीच्या टोकावर थरथरतं आहे.

नगरला बी. ए. झाल्यावर मी पुण्याला विद्यापीठात वृत्तपत्रविद्येच्या पदवीला जाते म्हणाले, तेव्हा अण्णा रागावले नाहीत, हसले. "पोहणाऱ्या माणसाने पोहण्याची पदवी घ्यायची? तुला लिहिता येतं. छापखाना घरात आहे. तिथे काय शिकवणार?" मी फक्त म्हणाले, "एक वर्षच आहे." आजही नातेवाइकांच्या मुली मला येऊन विचारतात, आजी, या पदवीने मिळतं काय? नोकरीचं विचारतात हे मला कळतं आणि त्यांचं चुकत नाही. नोकरी मलाही लागली आणि तीस वर्षं टिकली. पण मला खरोखर काय मिळालं ते सांगायचं तर त्या वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीबद्दल सांगावं लागतं.

विद्यापीठातले पहिले चार महिने मी संतापात काढले. आमचे बातमीलेखनाचे सर एका दैनिकात पंचवीस वर्षं उपसंपादक होते. आवाज इतका हळू की पहिल्या बाकावर बसावं लागे. त्यांनी माझा पहिला निबंध परत दिला तेव्हा त्यावरची विशेषणं लाल पेन्सिलीने काढलेली होती आणि अडीच पानांच्या अकरा ओळी झाल्या होत्या. "यातलं तुम्ही काय पाहिलंत?" त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "सर, हे सगळ्यांना माहीत आहे." ते म्हणाले, "सगळ्यांना विचारलंत का?" वर्ग हसला. मी घरी जाऊन रडले नाही, पण आत्याने केलेल्या भाजीला नावं ठेवली.

सरांच्या दोन सवयी होत्या. वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारायची. डावीकडे आपण पाहिलेलं, उजवीकडे ऐकलेलं. दुसरी सवय त्याहून त्रासाची. ज्या माणसाबद्दल लिहिलं त्याला ते वाचून दाखवायचं आणि तो म्हणेल तिथे थांबायचं. आम्ही वर्गात एकमेकांवर याचा सराव करायचो. माझ्या जोडीला साताऱ्याकडचा एक मुलगा होता. त्याने आपल्या गावच्या विहिरीची गोष्ट सांगितली आणि मी ती लिहून वाचून दाखवली. तो शांतपणे म्हणाला, "छान आहे. पण ही माझ्या गावची विहीर नाही, तुमच्या डोक्यातली आहे." मला हे सगळं भित्र्या माणसांचं शास्त्र वाटत होतं. अन्याय समोर असताना रेघा कसल्या मारता?

दिवाळीला घरी आले तेव्हा दुष्काळ घरात शिरलेला होता. करंज्या नव्हत्या, चकल्या नव्हत्या. रेशनवर लाल मिलो, परदेशातून आलेली ज्वारी, मिळायची, तिच्या भाकरीला कडा फुटायच्या आणि घशातून ती पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नसे. आईने पत्रकं डकवायला तिच्याच पिठाची खळ शिजवून पाहिली होती. "पोटात टिकत नाही ती भिंतीवर काय टिकणार," असं म्हणत ती भांडं घासत होती. सूर्य मावळायच्या आत अण्णांनी विषय काढला. "शालन, बस झालं आता. जिल्हाभर लोक दुष्काळी कामांवर दगड फोडतायत. रोज कुणीतरी दारात येतं. मला एकट्याला होत नाही. आणि तू तिकडे बातमीची लांबी मोजायला शिकतेस. परत ये." खरं सांगायचं तर मी परत यायच्याच बेतात होते. सरांच्या लाल पेन्सिलीचा मला कंटाळा आला होता, आणि इथे माझी गरज होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाथर्डीकडचे दोन कार्यकर्ते आले. तिकडे एका नव्या रस्त्याचं काम चालू होतं. बायका खडी फोडत होत्या आणि त्यांना प्यायला पाणी नव्हतं. टँकर रोज निघतो, रोज सही होते, आणि कामावर थेंब पोचत नाही. तिथला कारकून, जनार्दन शिरसाट, टँकर वाटेत एका वस्तीवर रिकामा करायला लावतो, हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. अण्णांनी पुढचं ऐकलंच नाही. त्यांचे हात केसमध्ये गेले होते. पाच मिनिटांत दगडावर मथळा तयार होता: पाणीचोर जनार्दन शिरसाट याचा जाहीर धिक्कार. दोन दिवसांनी पाथर्डीचा आठवडे बाजार होता, त्यात पत्रक वाटायचं होतं. "मजकूर तुझा," अण्णा मला म्हणाले. "जळजळीत पाहिजे."

मी वही घेऊन बसले. सवय वाईट असते, हात आपोआप रेघ मारतो. उजवी बाजू भराभर भरली: टँकर, सही, वस्ती, शिरसाट. डावी बाजू कोरी राहिली. मी त्या दोघांना विचारलं, "तुम्ही टँकर रिकामा होताना पाहिलात?"

"आमी न्हाई, पर लोकांनी पाह्यलाय की."

"कुठल्या लोकांनी?"

"ताई, तुमी लिवताय का चौकशी लावताय?" त्यातला मोठा हसून म्हणाला.

अण्णा हसले नाहीत. मी त्यांना पान दाखवलं. "अण्णा, ही बाजू कोरी आहे. एक दिवस द्या. मी जाऊन येते."

"आणि बाजार गेला म्हणजे?"

"बाजार परवा आहे."

त्यांनी फडक्याला हात पुसले, नको इतका वेळ पुसले. "उद्या दिवे लागायच्या आत ये. नाही आलीस तर मजकूर मी लिहितो आणि फर्मा यंत्रावर चढवतो."

पहाटेच्या एस.टी.ने पाथर्डी, तिथून खडीच्या ट्रकच्या पुढच्या सीटवर बसून कामाच्या जागेपर्यंत. उन्हात पांढरी माती चकाकत होती. लांबूनच हातोड्यांचा आवाज आला, शंभर हातांचा एकत्र, तरी एकालाही ताल नाही असा. शंभर-सव्वाशे बायका रस्त्याच्या कडेला ओळीने बसलेल्या. प्रत्येकीच्या पुढे खडीचा ढीग, डोक्यावर पदर, बोटांना चिंध्या बांधलेल्या. मी आधी कारकुनाकडे गेले नाही, ती अक्कल मला चार महिन्यांत आलेली होती. ओळीच्या शेवटी हौसाबाई नावाची एक वयस्क बाई होती, तिच्या शेजारी जाऊन बसले. तिने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"हापिसातली का?"

"नाही मावशी. लिहिते मी. पाण्याचं ऐकलं म्हणून आले."

"ऐकलंस म्हून आलीस? ऐकून समदे जात्यात. आलेली तूच," ती म्हणाली आणि हातोडी मारत राहिली. मी गप्प बसले. पूर्वीची मी असते तर तेवढ्यात भाषण ठोकून मोकळी झाले असते. सरांनी शिकवलेली सर्वांत अवघड गोष्ट तीच होती, प्रश्न विचारून झाल्यावर तोंड मिटून ठेवणं. पाचसहा दगड फुटल्यावर हौसाबाई आपणहून बोलायला लागली.

काम सुरू झालं तेव्हा रस्त्याच्या तोंडाशी विटांचा हौद बांधला होता. टँकर यायचा, हौद भरायचा, सगळ्याजणी तिथेच होत्या. मग रस्ता पुढे सरकला. बायका पुढे सरकल्या. हौद तिथेच राहिला. आता तो कोसभर मागे होता. "हौदाला काय पाय हायत व्हय?" शेजारची म्हणाली आणि दोघीतिघी हसल्या. टँकर अजून रोज येत होता, हौदापाशी रिकामा होत होता, तिथल्या राखणदाराची सही घेऊन परत जात होता. हौदाशेजारच्या वस्तीवरची माणसं आणि जनावरं तेच पाणी पीत होती. टँकर वस्तीवर रिकामा होतो म्हणत, तो हाच प्रकार. त्यात चोरी करण्यासारखं काही नव्हतं. हौद भरलेला होता आणि तहानलेली माणसं शेजारी होती.

"मग तुम्ही पाणी आणता कसं?"

हौसाबाईने हातोडी खाली ठेवली. "पान्याला गेली की तिची खडी कमी भरती, मजुरी तुटती. म्हून आमी जिच्यानं फोडनं हुईना तिला धाडतो." तिने रस्त्याकडे मान केली. लांबून एक बाई डोक्यावर घागर आणि कडेवर कळशी घेऊन येत होती. अगदी हळू, पाय फाकवून. जवळ आली तेव्हा दिसलं, तिला आठवा महिना असावा. "माझी सून," हौसाबाई म्हणाली. "दिसातनं दोनदा जाती." सून घागर उतरवायला वाकली आणि वाकलेली तशीच थोडा वेळ राहिली. मी वहीच्या डाव्या बाजूला लिहिलं. इतकी वर्षं मी धिक्कार लिहीत होते, पण खरा संताप मला त्या दिवशी पहिल्यांदा आला.

जनार्दन शिरसाट पत्र्याच्या शेडमध्ये हजेरीपट घेऊन बसला होता. तिशीचा, हडकुळा, शर्टाची कॉलर उलटवून शिवलेली. मी त्याला सरळ सांगितलं की उद्याच्या बाजारात तुमच्या नावाचं पत्रक निघणार आहे आणि मथळ्यात पाणीचोर आहे. तो पांढरा पडला. "ताई, माझी सासुरवाडी पाथर्डीत आहे," एवढंच म्हणाला. मग उठून ट्रंकेतून एक फाईल काढली. तालुक्याला पाठवलेल्या दोन पत्रांच्या प्रती होत्या. काम पुढे गेले आहे, टँकर कामाच्या जागी पाठवावा, पिंपे द्यावीत. उत्तर नव्हतं. टँकरच्या हुकमावर हौदाचं नाव होतं, आणि हुकमावर जिथलं नाव तिथली सही घेतल्याशिवाय टँकरवाल्याची खेप धरली जात नव्हती. "मी अडवला होता एकदा," शिरसाट म्हणाला. "तो म्हणाला, साहेब, तुमच्या सहीला माझ्या कागदावर घर नाही. ते जाऊ द्या. ताई, तुम्हाला चहा देणार होतो, पण…" त्याने रिकाम्या माठाकडे हात केला आणि आम्ही दोघंही, का कोण जाणे, हसलो.

अण्णांचं पत्रक निघालं असतं तर काय झालं असतं, हे मला त्या शेडमध्ये दिसलं. शिरसाटची बदली झाली असती. लोकांनी जयजयकार केला असता. आणि पाण्यासाठी तालुक्याला लिहिणारा एकमेव माणूस तिथून गेला असता.

खडीच्या ढिगावर बसून मी मजकूर लिहिला आणि हौसाबाईच्या ओळीला वाचून दाखवला. पहिल्याच ओळीला तिने अडवलं. "जलपुरवठा म्हंजी?" "पाणी." "मंग पानी म्हन की." सुनेचं नाव मी घातलं होतं. हौसाबाई म्हणाली, "नाव नगं बाय. बाजारात तिचं नाव कशाला?" मी खोडलं. शिरसाटला पत्रांचा उल्लेख वाचून दाखवला. तो बोटं मोडत म्हणाला, "राहू द्या. दोनदा लिहिलंय हे काही खोटं नाही."

दिवे लागायच्या थोडं आधी मी घरी पोचले. फर्म्याच्या चौकटीत मथळा बसलेलाच होता. अण्णांनी माझा कागद घेतला. त्यावर एवढंच होतं:

रस्त्याचं काम पुढे गेलं आहे. पाण्याचा हौद मागे राहिला आहे. टँकर रोज येतो आणि हौदापाशी रिकामा होतो, कारण हुकमात हौदाचं नाव आहे. कामावरच्या बायकांना पाण्यासाठी कोसभर मागे जावं लागतं. पाण्याला जाणारीची खडी कमी भरते, म्हणून जिला फोडणं होत नाही तिला धाडतात. सध्या आठ महिन्यांची गरोदर बाई दिवसातून दोनदा जाते. कामावरच्या कारकुनांनी तालुक्याला दोन पत्रं लिहिली, उत्तर नाही. टँकर कामापर्यंत न्यावा, एवढा एक हुकूम हवा आहे.

अण्णांनी दोनदा वाचलं. "नाव कुठाय?"

"कुणाचंच नाही, अण्णा. चूक हुकमात आहे."

"हुकमाला तोंड नसतं, शालन. लोक माणसावर चिडतात, कागदावर नाही." त्यांचा आवाज चढला. "यात संताप कुठाय? धार कुठाय? हे काय पत्रक आहे? अर्ज आहे हा!"

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने केव्हा वाचलं, ऐकलं, मला माहीत नाही. "अहो," ती म्हणाली, "आठ महिन्यांची बाई घागर घेऊन कोसभर चालते, आणि तुम्ही संताप कुठाय म्हणून विचारता?"

अण्णांनी कंदील जवळ ओढला, चौकटीतून मथळ्याचे खिळे एकेक करून काढले आणि केसमध्ये आपापल्या घरात टाकले. लाकडावर लाकूड पडल्याचा तो आवाज मला अजून ऐकू येतो. मग त्यांनी माझा मजकूर जुळवायला घेतला. एक हट्ट मात्र सोडला नाही. "एक हुकूम" हे दोन शब्द त्यांनी मोठ्या टाइपात घातले. बरोबर केलं. ते मला सुचायला हवं होतं.

बाजारात पेटीवर उभं राहून अण्णांनीच ते वाचलं. अण्णांना तिकडे सगळे मास्तर म्हणत. एकजण ओरडला, "मास्तर, शिव्या कुठं गेल्या?" पण बायका थांबल्या. त्या एरवी पत्रकाला थांबत नसत. एकीने दुसरीला बोलावलं, ती आणखी दोघींना घेऊन आली, आणि अण्णांना तेच पुन्हा वाचावं लागलं, मग तिसऱ्यांदा. दुपारी त्यातल्या वीसपंचवीसजणी तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर जाऊन बसल्या. घोषणा नाहीत. साहेब बाहेर आले की एकच वाक्य: "टँकर म्होरं न्या." पाठ करायला सोपं होतं ते. चौथ्या दिवशी हुकूम निघाला. सगळं गोड झालं नाही. कचेरीतली पत्रं बाहेरच्यांना दाखवली म्हणून शिरसाटला लेखी ताकीद मिळाली, आणि ती त्याच्या नोकरीभर त्याच्या कागदांत राहिली असणार. त्याची मी आजही देणेकरीण आहे. पण पाणी पोचलं.

तरी अण्णांना पटलं नव्हतं. "या खेपेला जमलं," ते म्हणत. "दर वेळी कोण जाणार पाथर्डीला?" पुण्याचा विषय निघाला की "बघू" म्हणून ट्रेडलवर पाय ठेवायचे. सुट्टीचे दोनच दिवस उरले होते. टँकर पुढे येतो असं आम्ही ऐकलं होतं. मी म्हणाले, मी पाहायला जाते, आणि अण्णा कोटाची बटणं लावत म्हणाले, "मीही येतो." वीस वर्षं ते जिल्हाभरच्या कामांवर पत्रकं काढत होते. स्वतः कामावर पाऊल टाकण्याची ती त्यांची पहिलीच वेळ होती, हे मला वाटेत, एस.टी.त कळलं. तेही त्यांनी खिडकीबाहेर पाहत सांगितलं.

आम्ही पोचलो तेव्हा टँकर उभा होता. तीन पिंपं ओळीने लावलेली, त्यांच्याभोवती चिखल, चिखलात चिमण्या. हौसाबाईची सून सावलीला पाय पसरून बसली होती आणि बारीक खडी निवडत होती. हौसाबाईने आम्हाला पाहिलं. हे माझे वडील, छापखान्याचे मास्तर, असं मी सांगितल्यावर तिने तांब्या पिंपात बुडवला आणि पहिल्यांदा अण्णांच्या हातात दिला. ते उभ्यानेच प्यायले. मग खडीच्या ढिगावर बसले, जिथे मी बसले होते त्याच्या जवळपास, आणि बराच वेळ बायकांच्या बोटांच्या चिंध्यांकडे पाहत राहिले.

"बाय," हौसाबाई मला म्हणाली, "तू आल्तीस त्या दिशी गपगार बसून ऐकत हुतीस. कुनी शिकवलं?"

"पुण्याला शाळा आहे, मावशी. तिथे."

"ऐकायला बी शाळा लागती व्हय?" ती जोरात हसली, सगळी ओळ हसली, हातोड्या थांबल्या.

"मला लागली," मी म्हणाले.

"शिकून झालं?"

"अर्धं झालंय."

हौसाबाईचं हसू थांबलं. तिने माझ्याकडे नाही, अण्णांकडे पाहिलं. "अन् आर्ध्यातनं काडताय का काय हिला, मास्तर?"

अण्णांच्या हातात अजून तांब्या होता. त्यांनी तो तिच्याकडे परत दिला आणि कोटाच्या बाहीने तोंड पुसलं.

"नाही हो," ते म्हणाले. "सोमवारच्या गाडीने जातीये ती."